तू सांग, मी सही करतो

आमच्या घरात एखादी गोष्ट ठरायला कधी वेळ लागला नाही, कारण ती नाइना ठरवत. वडलांना आम्ही नाइना म्हणायचो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरांत उंबऱ्याच्या आत तेलुगू आणि बाहेर मराठी असा रिवाज होता, अजूनही आहे. मी मात्र सगळा जन्म मराठी शाळेत मुलांना शिकवण्यात घालवला, त्यामुळे नाइनांचं बोलणंही आता मला मराठीतच ऐकू येतं. तसंच लिहिते.

ते एका चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर होते. सुताच्या लडी रंगवायच्या, त्या आधीच्या मालाशी जुळतात का ते बघायचं, आणि जुळत नसतील तर हौदात कुठला रंग किती टाकायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. ओलं सूत नेहमी गडद दिसतं. वाळल्यावर ते किती उतरेल हे ओलं असतानाच ओळखावं लागतं. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन जायची. वाफेनं भरलेल्या त्या शेडमध्ये कामगार बांबूवर लडी घेऊन यायचे. नाइना त्यातला एक धागा डाव्या तळहातावर ठेवत, मान जराशी कलती करत आणि म्हणत, "चिमूटभर काळा. बास." एवढ्यावर मणभर सुताचं भवितव्य ठरायचं. मी एकदा विचारलं, "तुम्हाला कसं कळतं?" तर हसून म्हणाले, "कसं कळलं ते नंतर शोधतो. आधी कळतं."

घरीही तसंच. मंगळवारच्या बाजारात वांग्याच्या ढिगाकडे एकदा बघायचे आणि चार वांगी उचलायचे, त्यात कधी कीड निघाली नाही. माझ्या आत्याला एक स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांनी चहा प्यायच्या आतच ते अम्माला आत येऊन म्हणाले होते, "नको. हा माणूस बोलताना आईकडे बघतो, आईला विचारून श्वास घेतो." अम्मा म्हणजे माझी आई. ती दिवसभर दारात बसून विड्या वळायची. तिच्या कातरीची कचकच आणि शेजारच्या घरातल्या मागांची खटखट या दोन आवाजांत मी अभ्यास करायची. मागांना सुट्टी असली की मला वाचलेलं समजत नसे. दुपारी नाइना आले की गरम भात, त्यावर कच्च्या चिंचेचं कांदा-मिरची घातलेलं सार, शेंगांची चटणी. त्यांचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी किरमिजी. साबणानं कितीही घासले तरी नखांतला रंग जायचा नाही. त्या रंगीत बोटांनी ते पांढरा भात कालवायचे, ते बघताना मला माझे वडील जगात सगळ्यांत श्रीमंत वाटायचे.

मी अकरावीत असताना ते कारखान्यात पडले. साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला आणि कपाळ हौदाच्या लोखंडी कडेवर आदळलं. तीन आठवडे दवाखान्यात होते. पहिले काही दिवस तर आम्ही आशा सोडली होती. मग हळूहळू डोळे उघडले, बोलले, अम्माला ओळखलं, मला "सुलू" अशी हाक मारली. डॉक्टरांनी त्यांना पाढे विचारले, मागच्या दिवाळीचं विचारलं, रंगांची नावं विचारली. सगळं बरोबर. घरी आणलं तेव्हा अख्खी गल्ली दारात जमली होती. दोन्ही भुवयांच्या वर एक आडवा, गुलाबी व्रण, बाकी माणूस जसाच्या तसा. अम्मानं गल्लीत पेढे वाटले.

पहिल्याच दिवशी जेवताना अम्मानं विचारलं, "भाकरी वाढू की भात?"

नाइना म्हणाले, "भात पचायला हलका आहे. पण भाकरीनं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. सार आहे म्हणजे भात बरा. पण चटणीही आहे, चटणीला भाकरी लागते."

"मग काय वाढू?"

"तेच बघतोय," ते म्हणाले, आणि खरोखरच बघत राहिले. ताटाकडे, पातेल्याकडे, भाकरीच्या टोपलीकडे. अम्मा हसली. मीही हसले. सार थंड झालं तेव्हा अम्मानं भात वाढला आणि त्यांनी मुकाट्यानं खाल्ला.

मग रोजच तसं होऊ लागलं. सकाळी दोन शर्ट हातात घेऊन उभे राहायचे. निळ्याची बटणं पक्की आहेत, पांढरा उन्हात बरा. न्हाव्याकडे आज जावं की उद्या, चप्पल दुरुस्त करावी की नवी घ्यावी. बोलणं ऐकावं तर वकिलासारखं, एकही मुद्दा चुकीचा नाही. फक्त ते कुठंच पोचायचं नाही. कारखान्यात दोन महिन्यांनी रुजू झाले तेव्हा शेठनं मोठ्या प्रेमानं त्यांना खुर्ची दिली. तिसऱ्या दिवशी कामगारांनी दोन लडी आणून विचारलं, "मास्तर, कुठली पास?" नाइनांनी दोन्हींबद्दल इतकं अचूक सांगितलं की कुणी लिहून घेतलं असतं तर रंगकामाचं पुस्तक झालं असतं. पण पास कुठली, ते संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. हौदातलं सूत तसंच राहून वाया गेलं. आठवड्याभरानं शेठ स्वतः आमच्या घरी आला, बराच वेळ बसला आणि जाताना अम्माला म्हणाला, "वैनी, मास्तरांना विश्रांती द्या." ती विश्रांती कायमची होती.

आणखी एक गोष्ट बदलली होती, पण ती आमच्या उशिरा लक्षात आली. नाइनांना राग येईनासा झाला. आनंदही. नोकरी गेल्याचं त्यांनी पाऊस थांबल्यासारखं सांगितलं. बारावीत मला शाळेत पहिला नंबर मिळाला, मी धावत घरी आले, तर म्हणाले, "चांगलं आहे. चांगलंच आहे." पूर्वीचे नाइना असते तर त्यांनी रस्त्यावरच्या माणसांना थांबवून सांगितलं असतं.

लोक बोलायला लागले. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, उतारा टाका. कुणी म्हणालं, कामाचा कंटाळा, दुसरं काय; डोकं तर शाबूत आहे, हिशेब विचारा, पटकन सांगतो की. अम्मा उताऱ्याच्या वाटेला गेली नाही. तिनं फक्त विड्या वाढवल्या. घर चालवणं माझ्याकडे आलं. सकाळी मी एकच शर्ट खुंटीला अडकवायची. "आज भात," असं सांगून वाढायची. "आता न्हाव्याकडे जाऊन या," म्हटलं की ते उठून जायचे आणि नीट परत यायचे. सांगितलेलं सगळं करायचे. मला त्याची सवय झाली. खरं सांगायचं तर मला त्यात मोठेपणही वाटायला लागलं होतं. सतरा वर्षांची मुलगी बापाला काय करायचं ते सांगते आणि बाप करतो. पण दमणूकही होत होती, आणि मनात खोलवर गल्लीतलं ते वाक्य कुजत होतं: डोकं तर शाबूत आहे.

बारावीनंतर मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक पुण्याला, नर्सिंगला, वसतिगृहासकट. दुसरा सोलापुरातच, मास्तरकीच्या कॉलेजात. माझं मन पुण्याला होतं. नाइनांच्या दवाखान्यातल्या त्या तीन आठवड्यांत मी तिथल्या सिस्टरांना बघितलं होतं. एक उंच सिस्टर होत्या, वॉर्डात शिरताच कुणाकडे आधी जायचं ते त्यांना बरोबर कळायचं. मला तसं व्हायचं होतं. पुण्याच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती आणि तो इथल्याच एका कचेरीत शुक्रवारी पाचच्या आत द्यायचा होता. मी तो अम्मापुढे ठेवला.

तिनं कातर खाली ठेवली. "बापाची सही घे."

"अम्मा, तूच कर ना. त्यांचं तुला माहीत आहे."

"ते या घरात आहेत अजून," ती म्हणाली. "पोरगी परगावी जाणार तर बापानं हो म्हटलं पाहिजे. त्यांनी म्हटलं की माझी ना नाही."

मी फॉर्म सोमवारी नाइनांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, एक कोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे पुणे, उजवीकडे सोलापूर. त्यांचं अक्षर सुंदर होतं, रंगांच्या वह्या लिहून लिहून झालेलं. पुणे: वसतिगृह आहे, जेवणाची सोय आहे, नोकरी लवकर लागते. सोलापूर: घरी राहता येईल, अम्माला मदत, मास्तरणीला मान असतो. मंगळवारी कागद पाठपोट भरला. बुधवारी दुसरा घेतला. डावीकडे एक ओळ आली की थोड्या वेळानं उजवीकडे एक यायची. मी येता-जाता बघत होते. कुठलीच ओळ खोटी नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. फॉर्म, पेन, ते दोन कागद. अम्मा दारात, पाठमोरी. तीनची पाळी सुटल्याचा भोंगा झाला. मी म्हटलं, "नाइना, सही करा."

"पुण्याला गेलीस तर," त्यांनी सुरुवात केली, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग सोलापूरचं सांगितलं. तेही ऐकलं. साडेचार वाजत आले. कचेरीपर्यंत सायकलवर वीस मिनिटं लागत होती. तेव्हा नाइनांनी पेन उचललं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सुलू, तू सांग. तू सांग, मी सही करतो."

आज, इतक्या वर्षांनी, मी या जागेवर येऊन थांबते. ते वाक्य साधं होतं. त्यात चिडचिड नव्हती, विनवणीही नव्हती. दीड वर्षात त्यांना स्वतःच्या अडचणीतून बाहेर यायची एकच वाट सापडली होती आणि ती त्यांनी मला दाखवली. मी "पुणे" एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. रोज सकाळी मी त्यांना शर्ट सांगत होते, भात सांगत होते, न्हाव्याकडे जायचं सांगत होते. पण त्या दिवशी मला सही नको होती. मला माझा बाप हवा होता. तळहातावर धागा ठेवून क्षणात "बास" म्हणणारा. त्यानं माझ्याकडे बघावं आणि त्याला कळावं की या मुलीला जायचंय, आणि त्यानं म्हणावं, "जा."

मी म्हटलं, "नाही. मी नाही सांगणार. बाप तुम्ही आहात. तुम्ही ठरवा."

"सुलू," अम्मा दारातून म्हणाली, "सांगून टाक ना गं."

"तू मधे बोलू नको."

नाइनांनी मान हलवली, जणू माझाही मुद्दा रास्त होता, आणि पेन परत कागदाकडे नेलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. पावणेपाच झाले. पाच झाले. सव्वापाचला ते उजव्या बाजूला एक ओळ लिहीत होते. ती मी वाचली नाही. मी उठले आणि म्हणाले, "तुम्ही त्या हौदापाशीच संपायला हवं होतं."

अम्माची कातर थांबली. नाइनांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्या बोलण्यावर विचार केला, त्यांच्या त्या शांत, सरळ पद्धतीनं, आणि म्हणाले, "एका बाजूनं बघितलं तर तेही बरं झालं असतं. तुमच्या दोघींवरचा भार कमी झाला असता. पण दुसऱ्या बाजूनं..."

दुसरी बाजू ऐकायला मी थांबले नाही. मागच्या अंगणात गेले आणि तिथं उभ्या उभ्या, एका श्वासात, मी ठरवलं की हा माणूस आता या घरात नको. नाइनांना सहीचं चार दिवसांत जमलं नाही. मला बाप घराबाहेर काढायला चार क्षणही लागले नाहीत. छातीत नुसता जाळ होता आणि तो जाळच मला बरोबर वाटत होता.

टेंभुर्णीला नाइनांचा धाकटा भाऊ होता. हायवेच्या फाट्यावर त्याचं चादरी-टॉवेलचं दुकान होतं. मी अम्माला सांगितलं, "त्यांना काकाकडे ठेवू. तिथं हवा चांगली आहे." ती थकली होती, आणि तोपर्यंत या घरात माझं बोलणं शेवटचं झालं होतं. "तू म्हणशील तसं," ती म्हणाली. रविवारी मी नाइनांना एस.टी.नं घेऊन गेले. वाटेत त्यांनी खिडकीतून उसाचे फड बघितले, हिरव्याच्या दोन छटा दाखवल्या. काकाच्या ओसरीवर त्यांची पेटी ठेवून निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "मी किती दिवस राहायचं?"

"मी सांगेन तोवर," मी म्हटलं.

मी कधी सांगितलं नाही. मास्तरकीचं कॉलेज केलं, नोकरी लागली, मुलांना शिकवणं मला आवडलंही. पुणं हुकलं याचं दुःख फार दिवस टिकलं नाही. अम्मा दर पंधरा दिवसांनी टेंभुर्णीला जायची, डब्यात चिंचेचं सार घेऊन. नाइना तिथं सात वर्षं होते, त्यात मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेले ती माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन. नाइनांनी ती मोठ्यानं वाचली आणि छपाईतली एक चूक दाखवली. मी विचारलं, "येणार ना?"

"येण्यात बरंच आहे," ते म्हणाले. "मुलीचं लग्न आहे. पण गर्दी असेल, आणि लोक कारखान्याचं विचारतील..."

मला वाटलं, यांना यायचं नाही. मी पर्स उचलली आणि एस.टी. स्टँडवर आले. लग्नाच्या दिवशी टेंभुर्णीहून काकांची भाड्याची जीप आली. उतरणारी माणसं मी मोजली. काका हळूच म्हणाले, "दादा न्हाय आले." मी त्यावर एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. पुढच्या पावसाळ्यात नाइना तापाचं निमित्त होऊन गेले.

मागच्या वर्षी आमच्या यांना अर्धांगाचा हलका झटका आला. मेंदूच्या डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे, बोलके. एका दिवशी, यांना तपासणीसाठी आत नेलं होतं तेव्हा, माझ्या तोंडून नाइनांची गोष्ट निघाली. मी ती आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मार नेमका कुठं बसला होता?" मी स्वतःच्या भुवयांवर बोट ठेवलं.

ते म्हणाले, "बाई, आपल्याला वाटतं माणूस विचार करून ठरवतो. विचार फक्त यादी करतो. यादीतल्या एका गोष्टीला 'ही' म्हणायचं असेल तर त्यात जीव लागतो. पूर्वी काय गोड लागलं, काय कडू, कशाची भीती वाटली, हे सगळं मेंदू त्या क्षणी आतून सुचवत असतो. इथं, कपाळामागे, यादीची आणि त्या ओढीची गाठ पडते. तुमच्या वडलांची ती गाठ तुटली होती. यादी करता येत होती, जड कुठलीच बाजू वाटत नव्हती. नाटक नव्हतं ते. त्यांना करताच येत नव्हतं."

डॉक्टर यांचे कागद आवरू लागले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "दुसऱ्यानं सांगितलं तर करायचे का?"

"हो," मी म्हटलं. "सगळं करायचे."

"मग बरंच होतं म्हणायचं. सांगणारं माणूस जवळ असलं की असे पेशंट घरात चांगले राहतात."

पुढच्या रविवारी मी टेंभुर्णीला गेले. काका नाहीत आता, काकू आहे. नव्वदीला टेकलीय, पण बोलणं खणखणीत. काकू त्याच भागातली, तिचं मराठी अजून तिथल्या मातीचं. मी तिच्या खाटेजवळ बसले आणि जे तेव्हा विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. "काकू, माझ्या लग्नाला नाइना का आले नाहीत?"

ती दचकली. "तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

"मी विचारलंच नाही."

"अगं, त्येंनी तर पहाटंच आंघोळ केली हुती," काकू म्हणाली. "मीच म्हनलं, आज सुलूचं लगीन हाय, नवा शर्ट घाला. घातला. टोपी घातली. जीप आली तवा तिच्या दाराशी जाऊन हुबं राहिले. आमी सगळी चढलो. मला वाटलं ह्येंनी सांगितलं असंल, ह्येंना वाटलं मी सांगितलं असंल. पोरांचा लई गोंधळ. पुढं वळणावर गेल्यावर ह्ये म्हनले, दादा कुटं हाय? मागं वळून बघितलं तर त्ये तितंच, जीप हुती त्या जागंला, जीपच्या दाराला धरल्यागत हात वर धरून हुबं. मुहूर्ताची घाई, ड्रायव्हर थांबंना."

काकूनं पदरानं डोळे पुसले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बसा म्हनायचं राहिलं बघ, सुलू. कुनीच बसा म्हनलं न्हाय."